गाडीची शाकारणी : कोकणातल्या पावसात घरच्या अंगणात गाडीची कामं कशी करायची

आमचं घर गुहागरच्या बाजूला, समुद्र हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात गाडीचं काही निघालं की पहिला प्रश्न हाच, चिपळूणला न्यायची कशी? ४०-४५ किलोमीटर रस्ता, वरून धो धो पाऊस, आणि नेली तरी गॅरेजसमोर आधीच दहा गाड्या उभ्या. म्हणून छोटी कामं मी घरीच करायला लागलो, आणि पाच-सहा पावसाळे हात काळे केल्यावर एवढं नक्की सांगू शकतो की आपल्याकडच्या गाड्यांची बरीचशी दुखणी कुठेतरी अडून राहिलेल्या पाण्यातून सुरू होतात. आमचे काका दर मे महिन्यात कौलं परततात, पन्हळीतला पाचोळा काढतात. एकदा मला म्हणाले, "अरे घराची शाकारणी झाली, गाडीची कधी करतोस?" तेव्हापासून मी तेच धरून चाललोय. पाणी गाडीत कुठून येतं, कुठून जातं, कुठे अडतं ते आधी बघायचं, पाना नंतर हातात घ्यायचा.

सुरुवात जागेपासून. गाडी माडाखाली लावायची नाही, नारळाचं तर सोडाच, ओली झावळ पडली तरी काच जाते. चार बांबू पुरून वर ताडपत्री बांधा, एका बाजूला चांगला उतार द्या म्हणजे पाणी साचून झोळ पडणार नाही. बरेच जण ताडपत्री किंवा प्लास्टिकचं कव्हर सरळ गाडीवर घालतात, ते अजिबात करू नका, खाली वाफ धरते, वरून खारा वारा, आणि महिन्याभरात दरवाजाच्या कडांना गंज दिसायला लागतो. गाडीच्या वर छप्पर हवं, अंगाला चिकटलेलं कव्हर नको. आणि बंद शेडमध्ये किंवा झड्या लावलेल्या पडवीत इंजिन चालू ठेवून काम करू नका. सायलेन्सरमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला कळायच्या आत चक्कर येते आणि जीवही जातो. इंजिन चालू करायचं तर गाडी बाहेर, उघड्यावर.

हत्यारं फार लागत नाहीत. ८, १०, १२, १४ चे पाने, प्लस-मायनस स्क्रू ड्रायव्हर, चाकाचा पाना, डोक्याला लावायची बॅटरी, हवा बघायचा गेज, एक साधा डिजिटल मल्टिमीटर, रबरी हातमोजे, जुना टूथब्रश, खायचा सोडा, वॅसलीन, आणि झावळीची हीर, म्हणजे खराट्यातली एक लांब काडी. हीर कशाला ते पुढे कळेल.

बॉनेट उघडताना एक सवय लावून घ्या. पावसात गरम, कोरडी जागा म्हणून उंदीर इंजिनाजवळ येतात आणि उंदरामागे जनावर, म्हणजे साप येतो. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं काही दुर्मिळ नाही. त्यामुळे आधी बॉनेटवर दोन थापा, मग उघडून टॉर्च मारायचा, कोपऱ्यात काठी फिरवायची, आणि मगच हात आत घालायचा. उंदरासाठी मी डांबराच्या गोळ्या कापडात बांधून ठेवतो, वास आहे तोवर उपयोग होतो, मग बदलाव्या लागतात. खरा उपाय म्हणजे गाडीत खाण्याचा कणही न ठेवणं, आणि आठवड्यातून दोनदा बॉनेट उघडून सुका पाला, चिंध्या, कुरतडलेली वायर दिसते का ते बघणं.

पाण्याच्या वाटा मोकळ्या करणे

हे काम मृगाच्या आधी एकदा आणि मग दर पंधरा दिवसांनी. पुढच्या काचेखाली, वायपरच्या बुडाशी एक काळी प्लास्टिकची जाळी असते. काचेवरचं सगळं पाणी तिथून खाली उतरतं आणि दोन्ही बाजूंच्या भोकांतून चाकामागे बाहेर पडतं. आंब्याची पानं, बकुळीची फुलं, माडाचा कचरा सगळा तिथेच अडकतो. हाताने काढा, मग तांब्याभर पाणी हळूहळू ओता आणि दोन्ही बाजूंनी खाली धार पडते का ते वाकून बघा. एका बाजूला धार आली नाही तर तिथे गाळ बसलाय, हीर आत घालून हलकेच फिरवा.

मग दरवाजे. दरवाजाच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूला तीन-चार छोटी भोकं असतात, काहींवर रबराची जिभळी असते. काचेच्या फटीतून दरवाजात पाणी जाणारच, तशीच रचना असते, फक्त ते खालून निघालं पाहिजे. दरवाजा उघडताना आत खळखळ आवाज आला तर समजा भोकं बुजलीत. इथे हिरीसारखं हत्यार नाही, तार घातली तर रंग खरवडतो आणि तिथेच गंज सुरू होतो, हीर लवचिक असते आणि जिथे जायचं तिथे जाते. गेल्या वर्षी आमच्या मागच्या उजव्या दरवाजातून लाल पाणी आलं, जांभ्याची बारीक माती मिसळलेलं, निदान दोन तांबे तरी असेल. डिकीतही तसंच, स्टेपनी काढून तिचा खड्डा हाताने चाचपा, कारण तिथे पाणी साचलेलं बाहेरून कधीच दिसत नाही.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रकार, डाव्या बाजूला पायाखालची मॅट ओली. यात घाई करू नका, आधी पाणी कुठलं ते ओळखा. स्वच्छ, थंड, वास नसलेलं पाणी असेल आणि एसी लावल्यावर वाढत असेल तर ते एसीचं. गढूळ असेल, पाल्याचे कण असतील, पाऊस झाल्यावर वाढत असेल तर ते काचेखालच्या जाळीतून किंवा दरवाजाच्या रबरातून आलेलं. आणि चिकट, रंगीत, गोडसर वासाचं असेल, वर काचेवर आतून तेलकट वाफ धरत असेल, तर तो कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी आहे, हीटरचा भाग गळतोय, हे काम घरचं नाही.

एसीचं पाणी असेल तर उपाय सोपा आहे. दमट हवेत एसी दहा मिनिटं चालवला की गाडीखाली थेंब थेंब पाणी पडलं पाहिजे. पडत नसेल तर नळी बुजलीय. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून एक छोटी रबरी नळी खाली आलेली असते, बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला. इंजिन बंद करून थंड होऊ द्या, नळीचं तोंड बोटांनी चेपून मोकळं करा, मऊ काडी दोन-चार इंच आत सरकवा, जोर लावू नका. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, आत जोडणी सुटू शकते. गाळ निघाला की पाण्याची पिचकारी सुटते, त्यामुळे तोंड बाजूला ठेवा. नंतर मॅट उचलून खालचा जाड फोम सुकवायचा, आणि लोक नेमकं हेच विसरतात. वरचा गालिचा हाताला कोरडा लागतो, खालचा फोम मात्र पाणी धरून बसलेला असतो आणि त्याच्याखालून पत्रा सडतो. वर्तमानपत्राच्या घड्या घालून दाबा, ओल्या झाल्या की बदला, चार दिवस तरी हे करावं लागतं. उघडीप मिळाली तर सगळे दरवाजे सताड उघडून टेबलफॅन लावा, एक्स्टेंशन बोर्ड मात्र पडवीत कोरड्या जागी, उंचावर.

कुबट वास तरीही जात नसेल तर डॅशबोर्डच्या खणामागचा एसी फिल्टर काढून बघा. खणाच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली येतो, मागे एक झाकण, त्यात कागदी फिल्टर. बुरशीचे काळे ठिपके असतील तर धुवायचा नाही, नवा घालायचा, बाणाची दिशा जुन्यासारखीच.

बॅटरी

खाऱ्या हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी साय धरते, त्यामुळे सेल्फ मारला की नुसतं टकटक होतं आणि माणूस उगाच नवी बॅटरी घेऊन येतो. आधी साफ करून बघा. इंजिन बंद, चावी काढलेली, हातमोजे घातलेले, जवळपास विडी-काडी नाही, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो. १० च्या पान्याने आधी मायनसचा नट सैल करून वायर बाजूला काढा, मग प्लस. उलटं केलंत आणि पाना चुकून बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून टूथब्रशने घासा, फसफसून फेस येतो, तो थांबेपर्यंत घासायचं. हे पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाता कामा नये. साध्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडं करा, आधी प्लस जोडा, मग मायनस, नट घट्ट, हाताने वायर हलता कामा नये, आणि सगळ्यात शेवटी वरून वॅसलीनचा पातळ थर. वॅसलीन आधी लावून मग वायर बसवू नका.

मग मल्टिमीटर. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजा, १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे लगेच चार्जिंगला लावा. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४ दिसायला हवं. तेवढं दिसत नसेल तर बॅटरीला दोष देऊ नका, अल्टरनेटर (चालू इंजिनावर बॅटरी भरणारं यंत्र) किंवा त्याचा बेल्ट बघावा लागेल, काही नव्या गाड्यांत मात्र संगणक चार्जिंग कमीजास्त करतो. पाणी घालायची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, पागोळीचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी नाही.

दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट करायची वेळ आली तर वायरींचा क्रम पाठच करून ठेवा. लाल वायर मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. काढताना बरोब्बर उलट. आणि गाडी नुसती उभी असेल, मालक मुंबईला असेल, तर घरच्यांना आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवायला सांगा. जागेवर पाच मिनिटं चालू करून बंद केली तर बॅटरी भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी मात्र साचतं.

वायपर आणि काच

वायपर उन्हाळ्यात खराब होतात आणि पावसात कळतात. रबर बोटाने वाकवून बघा, चीर दिसली किंवा कडक झालं असेल तर बदला. दोन्ही ब्लेडची लांबी बहुतेक वेळा वेगळी असते, म्हणून जुनी मोजून घेऊन दुकानात जा. बदलताना काचेवर आधी जाड टॉवेल घडी करून ठेवा, कारण ब्लेड निघाल्यावर नुसता लोखंडी दांडा स्प्रिंगने काचेवर आपटला तर काच तडकते. दांडा उभा करा, मधली चाप दाबा, ब्लेड दांड्याच्या आकड्यातून खाली सरकवून काढा, नवं उलट दिशेने टक्क आवाज येईपर्यंत. नवीन ब्लेडनेही काच धुरकट दिसत असेल तर तो काचेवरचा तेलाचा आणि मिठाचा थर आहे, भांडी घासायच्या साबणाने दोनदा धुवा आणि भरपूर पाण्याने खळखळून काढा.

आतून वाफ धरली की लोक हाताने पुसतात, त्याने काच आणखी धुरकट होते. एसी चालू, हवा काचेवर, आणि आतली हवा फिरवायचं बटण बंद करून बाहेरची हवा आत घ्या. वाफ बाहेरून धरलीय का आतून ते वायपर एकदा फिरवून कळतं. बाहेरून असेल तर काच जास्त गार झालीय, एसी थोडा कमी करा. आंबा घाट, आंबोली, कशेडी असल्या धुक्याच्या जागी हे आधीपासून हाताला माहीत असलेलं बरं.

चाकं, ब्रेक, जॅक

टायरच्या खाचांत छोटे आडवे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की खाच १.६ मिलिमीटर उरली, ती कायद्याची मर्यादा. मी आपल्या पावसात ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर वापरत नाही, पाणी बाहेर फेकायला खाच उरत नाही आणि हायवेवर साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगते. हवा सकाळी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेली असते तेवढीच. स्टेपनीची पण.

जॅक लावणं हे पावसातलं सगळ्यात धोक्याचं काम. चोपलेलं अंगण ओलं झालं की मऊ होतं आणि जॅक एका बाजूला रुततो. खाली निदान दीड इंच जाडीची, हातभर लांबीची फळी ठेवा. तिरक्या चाकाला, म्हणजे पुढचं डावं उचलायचं तर मागच्या उजव्याला, दोन्ही बाजूंनी दगड लावा, हँडब्रेक ओढा, गियरमध्ये टाका. नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे. गाडी उचलल्यावर नट काढा, चाक बदला, नट हाताने बसवा, गाडी खाली घेऊन आलटून-पालटून समोरासमोरचे नट आवळा, आणि ४०-५० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळून बघा.

आणि हे मी हात जोडून सांगतो, चिऱ्यावर, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडावर गाडी ठेवून खाली शिरू नका. चिरा सगळ्यांच्या अंगणात असतो, हाताशी असतो, मजबूत वाटतो, घरं उभी राहतात त्यावर. पण घरात वजन सगळ्या चिऱ्यांवर सारखं पसरतं, गाडीचं वजन एका टोकावर येतं. आमच्या शेजारच्या वाडीत एका दादाने गाडीचा मागचा भाग दोन चिऱ्यांवर टेकवून चाक काढलं होतं. मी तिथेच उभा होतो, आवाज काहीच आला नाही, चिरा मधोमध उभा दुभंगला आणि भिजलेल्या बिस्किटासारखा बसला, ब्रेकचा ड्रम जमिनीवर आदळला. दादा पाच सेकंदांपूर्वी पाना आणायला उठला होता. सिमेंटचा ब्लॉकही असाच फुटतो. खाली जायचंच असेल तर लोखंडी जॅक स्टँड, त्याखाली फळी, आणि नसेल तर ते काम करू नका.

ब्रेकचं सांगायचं तर, दोन दिवस उभी राहिलेली गाडी काढताना चर्र आवाज आला आणि डिस्कवर लाल गंज दिसला तर घाबरू नका, चार-पाच वेळा हलका ब्रेक मारला की तो जातो. पाण्यातून गेल्यावर सुद्धा हळू वेगात हलका ब्रेक दाबून लायनर सुकवून घ्या. पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागी हँडब्रेक न ओढता पहिल्या गियरमध्ये टाकून चाकांना दगड लावा, नाहीतर मागचे लायनर ड्रमला चिकटून बसतात. चिकटलेच तर रेस देऊन ओढू नका, हळूच पुढे-मागे हलवा, नाहीच सुटलं तर चाकांना दगड लावून ड्रमच्या कडेला लाकडी ठोकळ्याने हलके ठोके द्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि आपल्याकडची हवा म्हणजे नुसता ओलावा, दोन वर्षांनी ते बदलून घ्या, पण गॅरेजमध्ये. ब्रेकच्या नळ्या घरी उघडू नका.

लाइट किंवा हॉर्न बंद पडला तर आधी फ्यूज. झाकणाच्या आत नकाशा असतो. १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. उडालेल्या जागी तेवढ्याच अँपिअरचा घालायचा, मोठा घातला तर वायर जळते. पुन्हा लगेच उडाला तर कुठेतरी पाणी किंवा उंदीर पोचलाय, वायर शोधावी लागेल. बल्ब बदलताना काचेला बोट लावू नका, बोटाच्या तेलाने तो लवकर जातो.

पाणी भरलं तर

२२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा वेळी पाणी उतरल्यावर माणूस पहिलं काय करतो, तर चावी फिरवतो, सुरू होतेय का बघू. इंजिन तिथेच मरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. तेव्हा पाणी सायलेन्सरच्या वर गेलं असेल, गाडी पाण्यात बंद पडली असेल, तर सेल्फ मारायचाच नाही. आधी फोटो काढा, मग मायनस वायर काढा, एअर फिल्टरचा डबा उघडून कागद ओला आहे का बघा, ऑइलची पट्टी काढून बघा, ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. विमा कंपनीला फोन करा आणि टो करून न्या. पाण्यात सेल्फ मारून गेलेलं इंजिन साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा बसत नाही, त्यासाठी इंजिनाचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं, ते पावसाच्या आधी घेऊन ठेवा. उधाणाला खाडीचं पाणी गाडीला लागलं असेल तर थांबू नका, त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवून काढा.

आणि साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, गुडघ्याएवढं वाहतं पाणी छोटी गाडी सहज सरकवतं.

गंजाचं काम मात्र पावसात करूच नका. ओल्या हवेत रंग मारला की ओल आत कोंडते आणि फोड येऊन तो भाग दुप्पट सडतो. आत्ता फक्त जागा खडूने खूण करून ठेवा, कोरडी असेल तेव्हा ग्रीस चोळा. दसऱ्यानंतर कडक ऊन पडलं की तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, मग १२०, मग गंजरोधक प्रायमरचे दोन पातळ हात, मध्ये पूर्ण सुकू द्या, वर रंग. चाकांच्या कमानीच्या आतली कड, दरवाजांची खालची कड, आणि नंबर प्लेटच्या मागची जागा आधी घ्या. प्लेट काढल्याशिवाय ती दिसत नाही आणि आमच्या गाडीला पहिलं भोक तिथेच पडलं होतं.